कृतीला मिळालेली प्रतिष्ठा : सूक्ष्म-अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकाचा इतिहास

ब्रिटनमधील 'इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स' या संस्थेच्या ब्रिस्टल येथील प्रकाशनगृहाने १९९१ साली 'जर्नल ऑफ मायक्रोमेकॅनिक्स अँड मायक्रोइंजिनिअरिंग' हे त्रैमासिक सुरू केले, तेव्हा त्याच्या नावात असलेली विद्याशाखा बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात अजून आलेलीही नव्हती. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. अशा काही मायक्रोमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंतच्या मापाचे पडदे, तुळया, झडपा, पंप, आरसे आणि मोटारी घडवण्याचे शास्त्र म्हणजे सूक्ष्म-अभियांत्रिकी होय. या शास्त्राचा आधार संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यांत तयार झालेल्या तंत्रांवर असला, तरी त्याचे प्रश्न यंत्रशास्त्राचे होते, साधने रसायनशास्त्राची होती आणि उपयोग वैद्यकापासून मोटारउद्योगापर्यंत पसरलेले होते. अशा अनेक मुलुखांच्या सीमेवर उभ्या असलेल्या विद्येला स्वतःचे नियतकालिक मिळाल्याने तिच्या शोधांची नोंद एका ठिकाणी होऊ लागली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एखादी वस्तू कशी घडवली याचे काटेकोर वर्णन हेच स्वतंत्र ज्ञान आहे, ही भूमिका त्यामुळे विद्वत्तेच्या व्यवहारात रुजली. या नियतकालिकाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या तीन दशकांच्या वाटचालीत विषय बदलले, लेखकांचे देश बदलले, छापण्याची रीत बदलली. कृतीच्या नोंदीला मिळालेली ही प्रतिष्ठा मात्र त्या सर्व बदलांतून जाणारा धागा आहे, आणि आज तोच सर्वांत जास्त जपावा लागणार आहे.

नियतकालिक निघण्यापूर्वीची स्थिती पाहिली म्हणजे त्याची गरज स्पष्ट होते. सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्यावर ताण दिला असता त्यांचा विद्युत्‌रोध मोठ्या प्रमाणात बदलतो, हा चार्ल्स स्मिथ यांचा शोध १९५४ साली 'फिजिकल रिव्ह्यू' या शुद्ध भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला; पुढे दाब मोजणाऱ्या सिलिकॉन सेन्सरांचा सारा उद्योग या गुणधर्मावर उभा राहिला. २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अतिसूक्ष्म यंत्रांच्या शक्यतेवर दिलेले व्याख्यान त्या संस्थेच्या 'इंजिनिअरिंग अँड सायन्स' या मासिकात १९६० साली प्रसिद्ध झाले. वेस्टिंगहाउस कंपनीतील हार्वी नाथन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूची थरथरणारी सूक्ष्म तुळई ट्रान्झिस्टरच्या नियंत्रक भागाच्या जागी बसवून जे उपकरण केले, त्याचा सविस्तर निबंध १९६७ साली विद्युत् अभियंत्यांच्या नियतकालिकात आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात टेरी, जर्मन आणि एंजेल यांनी अवघ्या पाच सेंटिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकतीवर दीड मीटर लांबीची नागमोडी नळी कोरून वायूंचे पृथक्करण करणारे यंत्र बनवले, आणि त्याचे वर्णनही १९७९ साली इलेक्ट्रॉनिक उपकरणांना वाहिलेल्या नियतकालिकातच छापले गेले. बर्कली येथील रॉजर हाउ आणि रिचर्ड म्युलर यांनी बहुस्फटिकी सिलिकॉनच्या अधांतरी तुळया कशा करायच्या हे १९८३ साली सांगितले, ते विद्युत्‌रसायनशास्त्राच्या नियतकालिकात. हे सर्व निबंध आज एकाच परंपरेचे टप्पे वाटतात, परंतु त्या काळच्या वाचकाला ते ग्रंथालयाच्या चार वेगवेगळ्या कपाटांतून शोधावे लागत होते, आणि प्रत्येक नियतकालिकाचे परीक्षक आपापल्या शास्त्राच्या निकषावर त्यांना तोलत होते.

ही विखुरलेली सामग्री एका सूत्रात ओवण्याचे काम सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेतील कर्ट पीटरसन यांच्या १९८२ सालच्या 'सिलिकॉन अॅज अ मेकॅनिकल मटेरिअल' या प्रदीर्घ निबंधाने केले. सिलिकॉनची ख्याती तोवर विद्युत्‌गुणांसाठी होती. पीटरसन यांनी त्याचे यांत्रिक गुण पोलादासारख्या परिचित द्रव्यांच्या शेजारी कोष्टकात मांडले आणि हा ठिसूळ समजला जाणारा पदार्थ, स्फटिकात दोष नसतील तर, पोलादाइतकाच ताठ आणि त्याहून बळकट ठरतो हे दाखवून दिले. ताठपणा मोजणारा त्याचा गुणांक १९० गिगापास्कलच्या आसपास आणि सहन होणारा कमाल ताण ७ गिगापास्कलपर्यंत, असे आकडे त्या कोष्टकात होते. परंतु या निबंधाचे खरे वैशिष्ट्य असे की, त्यातला मोठा भाग कोरण्याच्या पद्धती, त्यांतील रसायने, स्फटिकाच्या दिशा आणि त्यांपासून तयार होणारे आकार यांना दिलेला होता. वाचकाने तो वाचून स्वतःच्या प्रयोगशाळेत काम सुरू करावे, अशा रीतीने तो लिहिला होता, आणि म्हणूनच पुढच्या पिढीने त्याला पाठ्यपुस्तकासारखे वापरले.

स्वतंत्र व्यासपीठाच्या दिशेने पहिले पाऊल याच सुमारास पडले होते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील सिमोन मिडेलहुक यांच्या संपादनाखाली १९८१ साली 'सेन्सर्स अँड ॲक्च्युएटर्स' हे नियतकालिक सुरू झाले. सेन्सर म्हणजे दाब, तापमान, वेग यांसारख्या राशीचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करणारे साधन आणि ॲक्च्युएटर म्हणजे उलट विद्युत्‌संकेतापासून हालचाल निर्माण करणारे साधन. त्याच वर्षी बोस्टन येथे 'ट्रान्सड्यूसर्स' या परिषदमालेची सुरुवात झाली आणि ती दर दोन वर्षांनी डेल्फ्ट, फिलाडेल्फिया, टोकियो, माँत्रो अशी अमेरिका, युरोप आणि आशिया या खंडांत फिरू लागली. १९८६ साली 'मायक्रोइलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंग' या नियतकालिकात जर्मनीतील कार्ल्सरुहे अणुसंशोधन केंद्राच्या बेकर, एर्फेल्ड आदींचा निबंध आला. युरेनियमची समस्थानिके वेगळी करणाऱ्या अतिसूक्ष्म तोट्या बनवण्याच्या प्रयत्नांतून निघालेली 'लिगा' ही पद्धत त्यात मांडली होती : कणत्वरकातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी जाड प्लॅस्टिकवर आकृती उमटवायची, तिच्या पोकळीत विद्युत्‌विलेपनाने धातू भरायचा आणि त्या धातूच्या साच्यातून पुन्हा प्लॅस्टिकचे असंख्य नग ओतून काढायचे. १९८८ साली बर्कलीच्या फॅन, ताई आणि म्युलर यांनी केसाच्या जाडीच्या आसपास व्यास असलेली, स्थिरविद्युत्‌बलावर फिरणारी मोटार बनवली. त्या मोटारीला व्यवहारात फारसा उपयोग मिळाला नाही, परंतु फिरणारे सूक्ष्म यंत्र चिपेच्या तंत्राने घडू शकते हे तिने सिद्ध केले आणि सूक्ष्म मापावरील घर्षण, झीज व चिकटणे हे प्रश्न एकदम ऐरणीवर आणले.

यानंतरच्या पाच-सहा वर्षांत नियतकालिकांची जी दाटी झाली, ती या पार्श्वभूमीवर समजते. 'सेन्सर्स अँड ॲक्च्युएटर्स' या नियतकालिकाचे १९९० साली भौतिक आणि रासायनिक असे दोन विभाग झाले. १९९१ साली ब्रिस्टलचे त्रैमासिक आले. मार्च १९९२ मध्ये अमेरिकेतील विद्युत् अभियंते आणि यंत्र अभियंते यांच्या दोन संस्थांनी मिळून 'जर्नल ऑफ मायक्रोइलेक्ट्रोमेकॅनिकल सिस्टिम्स' काढले. आणि १९९४ साली जर्मनीतील स्प्रिंगर या प्रकाशनगृहाचे 'मायक्रोसिस्टिम टेक्नॉलॉजीज' त्यांत सामील झाले. अमेरिकी नियतकालिकाचे संस्थापक-संपादक विल्यम ट्रिमर यांनी पहिल्याच अंकात फाइनमन यांचे व्याख्यान पुन्हा छापले, आणि अशा रीतीने एका नव्या विद्येने आपला पूर्वज निवडून त्याला आपल्या पहिल्या पानांत स्थान दिले. जपानमध्ये व्यापार-उद्योग मंत्रालयाने १९९१ मध्येच सूक्ष्म यंत्रांचा दहा वर्षांचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला होता. युरोपात नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात १९८९ साली सुरू झालेली 'मायक्रोमेकॅनिक्स युरोप' ही कार्यशाळा तरुण संशोधकांना एकत्र आणत होती, आणि तिच्यातील निवडक निबंध विशेषांकांच्या रूपाने ब्रिस्टलच्या नियतकालिकात येऊ लागले. कार्यशाळेतील चर्चा, तेथील फलकांवर मांडलेले अर्धवट प्रयोग आणि मग परीक्षकांच्या हाताखालून गेलेला पक्का निबंध अशी ही साखळी होती, आणि या साखळीमुळेच ब्रिस्टलच्या नियतकालिकाला सुरुवातीपासून प्रयोगशाळेच्या टेबलाशी जवळीक असलेले, युरोपीय वळणाचे रूप मिळाले.

पहिल्या दशकातील अंकांवर घडवण्याच्या पद्धतींची छाया सर्वांत दाट आहे. सिलिकॉनच्या चकतीला, जिला वेफर म्हणतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवले असता स्फटिकाच्या काही प्रतलांवर ते झपाट्याने आणि काहींवर अत्यंत संथपणे खाल्ले जाते. त्यामुळे नेहमीच्या वेफरमध्ये ५४.७४ अंशांचा उतार असलेले, आरशासारख्या भिंतींचे खड्डे आपोआप तयार होतात. या क्रियेला एचिंग म्हणतात. द्रावणाची तीव्रता, तापमान, त्यात मिसळलेले अल्कोहोल, कोपरे बोथट होऊ नयेत म्हणून मुखवट्यावर जोडलेल्या जादा आकृत्या अशा प्रत्येक तपशिलावर त्या काळात निबंध लिहिले गेले. दुसरी पद्धत पृष्ठभागावर थर चढवण्याची : काचेसारख्या ऑक्साइडच्या थरावर बहुस्फटिकी सिलिकॉनचा थर द्यायचा, त्याला आकार द्यायचा आणि मग खालचा ऑक्साइड आम्लाने विरघळवून वरचा भाग मोकळा करायचा. यातील गंभीर अडचण अशी की, धुण्याचे पाणी सुकताना त्याच्या पृष्ठताणाने मोकळी झालेली नाजूक तुळई खाली ओढली जाते आणि तळाला कायमची चिकटते. ट्वेंटेच्या तास, सोनेनबर्ग, यान्सन, लेख्टनबर्ग आणि एल्वेन्स्पूक यांनी १९९६ साली या नियतकालिकात या चिकटण्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांचा पद्धतशीर विचार मांडला. अनेक प्रयोगशाळा ज्या अपयशाला नशिबाचा भाग समजत होत्या, त्याचे बलांच्या भाषेत विवेचन होताच ते टाळता येण्याजोगे झाले.

त्याच गटाचे आणखी दोन निबंध या काळाची मनोवृत्ती फार चांगली दाखवतात. १९९५ सालच्या एका निबंधात यान्सन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिनयुक्त वायूच्या विद्युत्‌भारित प्लाझ्माने सिलिकॉन खोल कोरण्याचे यंत्र कसे जुळवून घ्यावे याची सार्वत्रिक रीत सांगितली. वायूंचे प्रमाण एका विशिष्ट समतोलावर आले की पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म सुळके उभे राहतात, त्यांत प्रकाश अडकतो आणि वेफर काळे दिसू लागते. हे काळेपण दिसले म्हणजे भिंती उभ्या कोरल्या जाण्याच्या स्थितीजवळ आपण पोहोचलो असे समजावे आणि तेथून पुढे सूक्ष्म फेरबदल करावेत, अशी ती रीत होती. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे असल्यामुळे एका प्रयोगशाळेतील पाककृती दुसरीत जशीच्या तशी चालत नसे. या निबंधाने आकड्यांऐवजी डोळ्यांना दिसणारी खूण दिली आणि त्यामुळे ती कृती यंत्रांच्या पलीकडे गेली. १९९६ सालच्या दुसऱ्या निबंधात लेख्टनबर्ग, ग्रुनेव्हेल्ड आणि एल्वेन्स्पूक यांनी कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकांत शिरणाऱ्या विद्युत्‌अग्रांची हालचाल जास्तीत जास्त कशी वाढवता येईल, आणि ती कोणत्या टप्प्याला बाजूला कोसळून बंद पडते, याचे गणित आणि मोजमाप दिले. कंगवा-चालकाची आखणी करणारे आजही त्या निबंधाकडे वळतात.

स्वस्त साधनांनी खोल आणि उभ्या भिंतींच्या रचना करण्याची इच्छा या दशकात सर्वत्र होती, कारण लिगा पद्धतीला लागणारा कणत्वरक मोजक्याच देशांना परवडत असे. त्या इच्छेला दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर जर्मनीतील बॉश कंपनीच्या लार्मर आणि शिल्प यांचे होते : एका वायूने काही क्षण कोरायचे, दुसऱ्याने भिंतींवर संरक्षक थर द्यायचा आणि हा क्रम शेकडो वेळा आलटून पालटून चालवायचा. ही पद्धत जगासमोर मुख्यतः पेटंटच्या मार्गाने आली आणि यंत्रविक्रेत्यांमार्फत पसरली. दुसरे उत्तर १९९७ साली ब्रिस्टलच्या नियतकालिकात अवघ्या चार पानांत छापले गेले. आयबीएममध्ये विकसित झालेले, प्रत्येक रेणूवर आठ इपॉक्सी गट असलेले एसयू-८ नावाचे राळेसारखे द्रव्य साध्या अतिनील दिव्याखाली शेकडो मायक्रोमीटर उंचीच्या उभ्या रचना देऊ शकते, हे लोरेंझ, डेस्पाँ, रेनो, फेटिगर आदींनी त्यात दाखवले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ आणि झुरिकजवळची आयबीएमची प्रयोगशाळा यांच्या सहकार्यातून हे काम झाले होते. त्या छोट्या निबंधाने उच्च तंत्रज्ञानाची मोठी गुंतवणूक नसलेल्या विद्यापीठांनाही या क्षेत्रात प्रवेश मिळवून दिला, आणि पुढच्या दशकात विषयांची जी विविधता दिसते तिच्यामागे ही सुलभता मोठ्या प्रमाणात आहे.

कृतीच्या नोंदीला ज्ञानाचा दर्जा मिळाल्याचा सर्वांत ठळक पुरावा मात्र अमेरिकी सोबत्याच्या पानांत सापडतो. बर्कलीच्या कर्ट विल्यम्स आणि रिचर्ड म्युलर यांनी १९९६ साली सोळा द्रव्ये आणि अठ्ठावीस प्रकारची एचिंग यांच्या ३१७ जोड्यांचे वेग मोजून एका निबंधात कोष्टकांच्या रूपाने दिले. २००३ साली गुप्ता आणि वॅसिलिक यांच्यासह केलेल्या दुसऱ्या भागात द्रव्यांची संख्या त्रेपन्नावर आणि मोजलेल्या वेगांची संख्या ६२० च्या वर गेली. या निबंधांत नवे तत्त्व नव्हते, नवे उपकरण नव्हते, चमत्कृती तर मुळीच नव्हती. कोणते आम्ल कोणत्या थराला किती वेगाने खाते आणि कोणत्याला हात लावत नाही, एवढीच माहिती त्यांत होती. पण त्या माहितीमुळे जगभरातील अगणित विद्यार्थ्यांचे आठवडे आणि वेफर वाचले. अशा कष्टाळू, निनावी वाटणाऱ्या कामाला अग्रगण्य नियतकालिकात जागा देणाऱ्या संपादकांनी या विद्येवर मोठे उपकार केले आहेत.

नव्या शतकाबरोबर प्रश्नांचे स्वरूप पालटले. 'हे घडवता येते का' आणि 'ते कसे घडवावे' या प्रश्नांच्या जोडीला 'याचा उपयोग कशासाठी' हा प्रश्न आला आणि हळूहळू पुढे सरकला. बाझेल येथील आंद्रेआस मांझ, ग्राबर आणि विडमर यांनी १९९० सालीच रक्त वा पाण्याचा नमुना घेण्यापासून निकाल देण्यापर्यंतची संपूर्ण रासायनिक चाचणी एका लहान पट्टीवर आणण्याची कल्पना मांडली होती. १९९८ साली हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबरात सूक्ष्म वाहिन्या ओतण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. साचा करण्यासाठी एसयू-८ होतेच. या दोन प्रवाहांच्या संगमातून सूक्ष्मप्रवाहिकीचा, म्हणजे केसाइतक्या बारीक वाहिन्यांतून वाहणाऱ्या द्रवांच्या अभियांत्रिकीचा, झपाट्याने विस्तार झाला. इतक्या अरुंद वाहिनीत द्रव भोवरे न करता थरांनी वाहतो, त्यामुळे दोन द्रव शेजारी शेजारी वाहत राहिले तरी ते सहजी मिसळत नाहीत. हालवणे, मिसळणे आणि अडवणे या तिन्ही साध्या क्रिया तेथे अवघड होतात. या तीन क्रियांवर ब्रिस्टलच्या नियतकालिकात लागोपाठच्या तीन वर्षांत तीन आढावे आले : २००४ साली लेझर आणि सांतियागो यांचा सूक्ष्मपंपांवरील, २००५ साली न्गुयेन आणि वू यांचा सूक्ष्ममिश्रकांवरील आणि २००६ साली ओह आणि आन यांचा सूक्ष्मझडपांवरील. २००४ मध्येच हेकले आणि शोंबुर्ग यांनी प्लॅस्टिकच्या सूक्ष्म साचेकामाचा आढावा घेतला. आढावा-निबंधाचे काम नवा शोध सांगण्याचे नसून झालेल्या शोधांचे वर्गीकरण करून त्यांचे गुणदोष एका मापाने तोलण्याचे असते, आणि ज्या क्षेत्रात दर महिन्याला नवी रचना पुढे येत होती तेथे अशा तोलण्याची निकड सर्वांत अधिक होती. हे चारही आढावे नवागतासाठी आजही प्रवेशद्वाराचे काम करतात.

याच काळात ऊर्जेचा विषय पुढे आला. वायरशिवाय चालणाऱ्या सेन्सरांच्या जाळ्यांना बॅटरी बदलण्याची कटकट नको होती, म्हणून यंत्रांच्या आणि पुलांच्या कंपनांतून वीज मिळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. साउथॅम्प्टनच्या स्टीव्ह बीबी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली या नियतकालिकात वर्णन केलेले विद्युत्‌चुंबकीय कंपन-जनित्र त्या प्रवाहातील प्रातिनिधिक काम होय. २००० साली जपानमधील सेंदाई येथे सुरू झालेल्या 'पॉवर-मेम्स' या कार्यशाळेचे निवडक निबंधही विशेष विभागांतून येऊ लागले. विषयांबरोबर लेखकांचा भूगोलही बदलला. पहिल्या दशकात नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांच्या प्रयोगशाळांचा वरचष्मा होता. दुसऱ्या दशकात तैवान, सिंगापूर आणि दक्षिण कोरिया येथून निबंधांचा ओघ वाढला आणि त्यानंतर चीनमधील विद्यापीठे आघाडीवर आली. चिपांचे कारखाने जेथे उभे राहिले तेथे प्रशिक्षित हात तयार झाले, आणि जेथे हात तयार झाले तेथून निबंध येऊ लागले, असा हा सरळ कार्यकारणभाव आहे.

छपाईची रीतही या काळात मुळापासून पालटली. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने १९९६ साली आपली नियतकालिके इंटरनेटवर उपलब्ध करून दिली, त्यामुळे अंक टपालाने पोहोचण्याची वाट पाहण्याचे दिवस संपले. त्रैमासिकाचे पुढे मासिक झाले. २००८ पासून सलग पृष्ठांकांऐवजी प्रत्येक निबंधाला स्वतंत्र क्रमांक मिळू लागला. वरवर तांत्रिक वाटणारा हा फेरफार अर्थपूर्ण होता, कारण त्यामुळे निबंध हेच प्रकाशनाचे एकक बनले आणि अंक ही केवळ सोयीची गोळाबेरीज उरली. परीक्षणाच्या रीतीतही सुधारणा झाली. निबंध छापण्यापूर्वी त्याच विषयातील तज्ज्ञांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीत परीक्षकाचे नाव लेखकाला कळत नसे, पण लेखकाचे नाव आणि संस्था परीक्षकाला कळत असे. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सच्या प्रकाशनगृहाने २०२० साली आपल्या मालकीच्या सर्व नियतकालिकांत दोन्ही बाजूंची नावे झाकण्याचे धोरण जाहीर केले. नामांकित प्रयोगशाळेच्या बाहेरून लिहिणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

स्पर्धाही वाढली. ब्रिटनमधील रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००१ साली 'लॅब ऑन अ चिप' सुरू केल्यावर सूक्ष्मप्रवाहिकीतील जीवशास्त्राकडे झुकणारे काम तिकडे वळले. बाझेल येथील एमडीपीआय या प्रकाशनगृहाने २०१० साली 'मायक्रोमशीन्स' आणि स्प्रिंगर नेचरने चिनी विज्ञान अकादमीच्या सहकार्याने २०१५ साली 'मायक्रोसिस्टिम्स अँड नॅनोइंजिनिअरिंग' काढले. ही दोन्ही सुरुवातीपासून मुक्त वाचनाची, म्हणजे वाचकाकडून वर्गणी न घेणारी, नियतकालिके आहेत. मुक्त वाचनाच्या या पद्धतीत प्रकाशनाचा खर्च बहुधा लेखकाची संस्था भरते. ज्ञान सर्वांना खुले होणे ही मोठीच प्राप्ती आहे, पण खर्चाचा भार वाचणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे सरकल्याने तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळांपुढे नवी अडचण उभी राहिली आहे, हेही तितकेच खरे आहे.

या इतिहासात भारताचा सहभाग उशिरा सुरू झाला तरी तो नगण्य नाही. बेंगळुरू येथे १९९८ साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ स्मार्ट स्ट्रक्चर्स अँड सिस्टिम्स' या संस्थेने संशोधकांना एकत्र आणले आणि पुढे स्वतःचे नियतकालिकही चालवले. २००७ साली सुरू झालेल्या सूक्ष्म आणि स्मार्ट प्रणालींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने अनेक महाविद्यालयांत आखणीची केंद्रे उभी केली. मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उभ्या राहिलेल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांनी देशभरच्या संशोधकांना आपल्या धूळमुक्त प्रयोगशाळांचा वापर करू दिला, आणि त्यामुळे स्वतःचे यंत्र नसलेल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यालाही वेफरवर काम करण्याची संधी मिळाली. पवईच्याच यंत्र अभियांत्रिकी विभागातील सुमन मश्रूवाला सूक्ष्म-अभियांत्रिकी प्रयोगशाळेत प्रकाशाने राळ थराथराने घट्ट करून त्रिमितीय रचना घडवण्यासारख्या, महागड्या सिलिकॉन तंत्रावर अवलंबून नसलेल्या पद्धतींवर काम झाले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-मेट या केंद्रीय संस्थेने कमी तापमानाला एकत्र भाजल्या जाणाऱ्या सिरॅमिक थरांची वाट धरली. या उदाहरणांवरून असे दिसते की, जेथे साधने मर्यादित असतात तेथे पर्यायी कृती शोधण्याची वृत्ती बळावते, आणि एसयू-८ वरील निबंधाने जी वाट मोकळी केली तिच्यावरूनच ही मंडळी चालत आली आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली करण्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. तिचा लाभ महानगरांबाहेरच्या सरकारी महाविद्यालयांपर्यंत पोहोचला, तर वाचनाच्या बाबतीतले जुने अंतर बरेच कमी होईल.

तिसऱ्या दशकातील अंकांत त्वचेवर चिकटवण्याचे लवचीक सेन्सर, त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या रचना, ध्वनिलहरींनी पेशींची वर्गवारी करणारी साधने आणि संगणकीय शिकवणीच्या आधारे केलेली आखणी असे विषय ठळकपणे दिसतात. प्रगतीचे हे स्वाभाविक लक्षण आहे. पण त्याबरोबर एक ओढही जाणवते, ती अशी की, उपयोगाचे आकर्षण जितके वाढते तितके कृतीचे वर्णन आक्रसत जाते. पूर्वी जे तपशील निबंधाच्या मध्यभागी असत ते आता पूरक सामग्रीत ढकलले जातात. उद्योगांकडे जी कौशल्ये आहेत ती व्यापारी गुपित म्हणून छापलीच जात नाहीत. आणि एखादी पद्धत का फसली हे सांगणाऱ्या निबंधाला उद्धृतांच्या संख्येवर चालणाऱ्या स्पर्धेत फारसा वाव राहत नाही. सूक्ष्म-अभियांत्रिकीत ही उणीव अन्य शास्त्रांपेक्षा अधिक घातक ठरते, कारण येथे तापमानातील काही अंशांचा, वायूच्या दाबातील थोड्या फरकाचा किंवा धुण्याच्या क्रमातील बदलाचा परिणाम थेट वस्तूच्या असण्या-नसण्यावर होतो, आणि हे तपशील लिहून ठेवले नाहीत तर एका पिढीचे कौशल्य त्या प्रयोगशाळेतील माणसांबरोबरच नाहीसे होते.

पीटरसन यांचे कोष्टक, विल्यम्स-म्युलर यांचे एचिंगचे वेग, ट्वेंटेच्या गटाने दिलेली काळ्या सिलिकॉनची खूण आणि एसयू-८ ची चार पाने यांनी या विद्येला जे दिले, ते कोणत्याही एका उपकरणाने दिलेले नाही. उपकरणे कालबाह्य होतात आणि कंपन्या बंद पडतात, परंतु नीट लिहिलेली कृती दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेतल्या, अपुऱ्या साधनांच्या विद्यार्थ्याच्या हाती नव्याने उपयोगी पडते. म्हणून नियतकालिकांच्या संपादकांनी कृतीनिबंधांना आणि फसलेल्या प्रयोगांच्या प्रामाणिक नोंदींना पुन्हा मध्यवर्ती जागा द्यावी, विद्यापीठांनी नेमणुका आणि बढत्यांच्या वेळी अशा कामाचे मोल उद्धृतांच्या आकड्यापलीकडे जाऊन करावे, आणि संशोधकांनी आपल्या यशाबरोबर ते कसे साधले हे दुसऱ्याला करून पाहता येईल इतक्या स्पष्टपणे सांगावे, ही अपेक्षा या तीन दशकांच्या इतिहासातूनच निघते. ज्या विद्येने वाटून घेतलेल्या कृतींच्या बळावर स्वतःला उभे केले, तिचा पुढचा विस्तारही त्याच उदारपणावर अवलंबून आहे.